ट्राउटचं रूकी कार्ड नेमकं कोणतं? ग्रेडेड घ्यायचंय, जाणकारांनी सांगावं

धरमपेठकर

नमस्कार मंडळी. ग्रेडेड (स्थिती तपासून १० पैकी आकडा दिलेल्या आणि 'स्लॅब' नावाच्या प्लॅस्टिक कवचात बंद केलेल्या) बेसबॉल रूकी, म्हणजे नवोदित, कार्डांचा छोटा संग्रह सुरू करतोय. दहा-बारा खेळाडू, प्रत्येकाचं एकच कार्ड, पण ते रूकीच हवं. सुरुवात अमेरिकी बेसबॉलपटू माइक ट्राउटपासून. तीन कार्डं समोर आहेत (बोमन आणि टॉप्स हे कार्डांचे ब्रँड) आणि तिन्ही विक्रेते आपापल्या कार्डाला रूकी म्हणताहेत:

– २००९ बोमन ड्राफ्ट क्रोम, सहीचं, क्रमांक बीडीपीपी८९
– २०११ टॉप्स अपडेट, क्रमांक यूएस१७५
– २०१२ टॉप्स, क्रमांक ४४६

पहिला प्रश्न सरळ आहे, खरं कोणतं? दुसरा, यूएस१७५ एका ठिकाणी रॉ (ग्रेड न केलेलं) मिळतंय, ग्रेडेडपेक्षा बरंच स्वस्त. ते घेऊन नागपूरहून पीएसए या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीला पाठवणं परवडतं का? तिसरा प्रश्न ठेवण्याचा. खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून आहे. स्लॅबमध्ये असलं की काळजी नाही, असं म्हणतात. खरंय का?

इतवारीचा भिंगवाला

२०१२ चं ४४६ आधी बाजूला काढा. ते ट्राउटचं दुसऱ्या वर्षाचं कार्ड आहे, त्यावर आरसीची (रूकी कार्डाची) खूणही नाही. हा घोळ 'रूकी ऑफ द इयर' पुरस्कारामुळे होतो. ट्राउट मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला ८ जुलै २०११ ला. त्या मोसमात त्याच्या १२३ ॲट-बॅट (फलंदाजीच्या पाळ्या) झाल्या. पुरस्काराच्या नियमात १३० ओलांडेपर्यंत खेळाडू नवोदितच धरतात, म्हणून २०१२ मध्येही तो नवोदित राहिला आणि पुरस्कार त्या वर्षी मिळाला. पुरस्काराचं नवोदितपण आणि कार्डाचं नवोदितपण यांच्या वह्या वेगळ्या आहेत. ॲरन जजचंही तसंच. तो ऑगस्ट २०१६ मध्ये उतरला, आरसी कार्ड २०१७ च्या टॉप्समध्ये २८७ क्रमांकाचं आलं आणि पुरस्कारही २०१७ चा. तिथे दोन वर्षं योगायोगानं जुळली, ट्राउटची जुळली नाहीत.

तसंच टॉप्सच्या काही कार्डांवर कोपऱ्यात छोटा सोनेरी चषक छापलेला असतो. तो आदल्या मोसमात चमकलेल्या नवोदितांसाठी असतो, म्हणजे बहुतेक वेळा ते कार्ड दुसऱ्या वर्षाचं. चषक पाहून रूकी समजून घेतलेली कार्डं बाजारात खूप फिरतात.

आता व्याख्या. जुनी, संग्राहकांनी मान्य केलेली व्याख्या अशी: खेळाडू ज्या वर्षी पहिल्यांदा परवानाधारक, देशभर विकल्या गेलेल्या संपूर्ण मालिकेत आला, त्या मालिकेतलं मूळ क्रमांकाचं कार्ड म्हणजे रूकी. यातला प्रत्येक शब्द काही ना काही वगळायला आलाय. 'मूळ क्रमांकाचं' म्हटलं की रंगीत पॅरलल (त्याच कार्डाच्या वेगळ्या रंगातल्या प्रती) आणि इन्सर्ट (पाकिटात घातलेली जादा कार्डं) गळतात. यूएस१७५ चं सोनेरी पॅरलल २०११ प्रतींचं आहे, त्यावर आरसीची खूणही छापलीय, तरी कडक व्याख्येत ते रूकी कार्डाचं पॅरलल ठरतं, रूकी कार्ड नव्हे. 'देशभर' या शब्दामुळे पावाच्या पुड्यासोबत मिळालेली कार्डं वादात सापडतात. जॅकी रॉबिन्सनचं १९४७ चं बाँड ब्रेडचं कार्ड आधीचं आहे, तरी रूकी म्हणून बरेचजण लीफ कंपनीचं ७९ क्रमांकाचंच धरतात.

२००६ पासून लीग आणि खेळाडूंच्या संघटनेनं नियम बदलला. खेळाडू मोठ्या लीगच्या संघात आल्याशिवाय त्याच्या कार्डावर आरसीची खूण छापता येत नाही. मग बोमननं होतकरू खेळाडूंची कार्डं मूळ मालिकेबाहेर, वेगळ्या क्रमांकांनी काढणं चालू ठेवलं. कार्ड उलटा आणि क्रमांकाआधीची अक्षरं वाचा. बीडीपीपी, बीसीपी, सीपीए असलं काही दिसलं की ते प्रॉस्पेक्ट कार्ड. तुमचं २००९ चं बीडीपीपी८९ त्यातलंच. त्या वर्षी ट्राउटची फक्त ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, निवड झाली होती, २५ व्या क्रमांकावर. मोठ्या लीगचा एक चेंडूही त्याने पाहिला नव्हता.

म्हणून माझं उत्तर: यूएस१७५.

सदर बाजार

भिंगवाले काकांचं वाचन पक्कं आहे, पण निकाल एकतर्फी लागतोय.

दिवाळी अंकात एखादी कादंबरी आधी येते, मग दोन वर्षांनी पुस्तक निघतं. ग्रंथसंग्राहक 'पहिली आवृत्ती' पुस्तकालाच म्हणतात, पण लेखकाचा खरा चाहता तो दिवाळी अंक शोधत रद्दीची दुकानं पालथी घालतो. बोमनचं पहिलं कार्ड म्हणजे तो दिवाळी अंक. खेळाडू कोणालाच माहीत नव्हता तेव्हाचा पहिला छापील पुरावा. त्याला रूकी म्हणू नका हवं तर, पण दुय्यम ठरवू नका.

ट्राउटच्या त्या २००९ च्या सहीच्या कार्डाची एकमेव सुपरफ्रॅक्टर प्रत ऑगस्ट २०२० मध्ये ३९.३ लाख डॉलरला गेली. आणि ही काही आजकालची टूम नाही. बेब रूथचं १९१४ चं बाल्टिमोर न्यूज कार्ड तो खालच्या लीगमध्ये खेळत होता तेव्हाचं. रूकी म्हणून सगळे १९१६ चं १५१ क्रमांकाचं धरतात. तरी २०२३ च्या डिसेंबरमध्ये १९१४ च्या कार्डाला ७२ लाख डॉलर मिळाले.

धरमपेठकर, 'रूकीच हवं' असं लिहिताना मनात नेमकं काय आहे ते आधी ठरवा. 'सगळ्यात पहिलं कार्ड' हवं असेल तर २००९ चं. 'मोठ्या लीगमधलं पहिलं' हवं असेल तर यूएस१७५. आपल्या उमेश यादवचं उदाहरण घ्या. विदर्भाकडून रणजी २००८ मध्ये, भारताकडून एकदिवसीय २०१० मध्ये, कसोटी २०११ मध्ये. त्याचं 'पदार्पण' कधी, असं जामठ्याला दहा जणांना विचारा, तीन उत्तरं येतील आणि तिन्ही बरोबर असतील.

इतवारीचा भिंगवाला

उदाहरण चांगलं दिलंत, पण माझ्या लेखी खरं पदार्पण कसोटीचंच.

आणि किंमत हा रूकी असण्याचा पुरावा होऊ शकत नाही, हे मात्र ठासून सांगतो. मिकी मँटलचं १९५२ टॉप्स ३११ हे २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं, ग्रेड होती एसजीसी (दुसरी ग्रेडिंग कंपनी) ९.५. ते त्याचं रूकी नाहीच. रूकी आहे १९५१ बोमन २५३. महाग आहे म्हणून रूकी म्हणायचं ठरवलं तर व्याख्या उरतच नाही.

बेसबॉलवाले रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल यांच्यावरूनही हे समजतं. दोघांनी २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला, खालच्या लीगमध्ये खेळले, वर पोचले नाहीत. भारतीय संग्राहकाला त्यांच्याबद्दल आपुलकी असणारच. पण २००६ च्या नियमानुसार त्यांच्या कुठल्याही कार्डावर आरसीची खूण येऊ शकत नाही. आपुलकी आणि आरसी यांचा संबंध नाही.

खामल्याची वही

रूकीचा वाद तुम्ही दोघं चालू ठेवा, मी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळते. त्याआधी एकच: ग्रेडचा आकडा कार्डाची स्थिती सांगतो, रूकीपण सांगत नाही. पीएसए १० चा स्लॅब ४४६ लाही मिळतो. लेबलवर आरसी लिहिलंय की नाही यावर विसंबू नका. वर्ष, मालिका आणि क्रमांक ही तीन वाचून स्वतः ठरवा.

रॉ घेऊन पाठवायचं का? आधी घरी चाचणी करा. लागतील या वस्तू: इतवारीच्या सराफ्यात मिळते ती १० पटीची भिंग, स्टीलची अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, एक टॉर्च.

सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध छापलंय ते, पहिल्यांदा, कारण ते मोजता येतं आणि त्यात मतभेद होत नाहीत. पांढऱ्या किनारीची रुंदी डावी-उजवी, मग वर-खाली मोजा. मोठा आकडा भागिले दोन्हींची बेरीज. पीएसए १० ला आता पुढच्या बाजूला साधारण ५५/४५ च्या आत लागतं, आधी ६०/४० चालायचं. जुन्या लेखांत ६०/४० वाचून कार्ड पाठवणारे ९ घेऊन परत येतात. मागच्या बाजूला सूट जास्त आहे, ७५/२५.

मग कोपरे. चारही कोपरे भिंगेखाली, काळ्या कापडावर ठेवून. पांढरा कणभर तंतू दिसला तरी १० गेला. कडांना टोचल्यासारखे पांढरे ठिपके आहेत का ते बाजूनं बघा. शेवटी पृष्ठभाग: खोलीतला दिवा बंद, टॉर्च जवळजवळ आडवी धरा आणि कार्ड हळूहळू फिरवा. ओरखडे, छपाईच्या रेषा, दाबाचा खळगा, सगळं त्या तिरप्या उजेडातच दिसतं. फोटोत हे कधीच दिसत नाही, म्हणून विक्रेत्याकडे टॉर्चच्या उजेडातला व्हिडिओ मागा. देत नसेल तर सोडून द्या.

आकारही मोजा. कार्ड ६३.५ × ८८.९ मिलिमीटर असायला हवं. कडा कापून कोपरे ताजे केलेलं कार्ड अर्धा-एक मिलिमीटर कमी भरतं. तसं कार्ड गेलं तर आकडा मिळतच नाही, फेरफार केल्याचा शेरा येतो आणि शुल्क गेलं ते गेलंच. डाग दिसला म्हणून चष्म्याच्या द्रावणानं पुसू नका. फार तर कोरड्या मऊ मायक्रोफायबरनं, न दाबता, एकदाच.

धरमपेठकर

आभार खामला ताई. विक्रेत्यानं पट्टी लावून फोटो पाठवले. डावी किनार १.४ मिमी, उजवी १.८. वर १.६, खाली १.७. कोपरे ठीक वाटताहेत.

खामल्याची वही

१.८ भागिले ३.२ म्हणजे ५६.२५. म्हणजे ५६/४४. वर-खाली उत्तम आहे, पण डाव्या-उजव्यात १० ची रेष थोडक्यात हुकतेय. किनार दीड मिलिमीटरची असताना ०.१ मिमीची मापनचूकही तीन टक्क्यांचा फरक पाडते, त्यामुळे पट्टी फोटोत तिरपी नाही ना ते बघा आणि पुन्हा मागवा. हेच आकडे आले तर ते ९ चं कार्ड धरून किंमत ठरवा.

९ चं कार्ड नागपूरहून पाठवणं मला परवडणारं वाटत नाही. खर्च असे मोजा: ग्रेडिंग शुल्क, जाण्याचं विम्यासह टपाल, परतीचं टपाल, आणि परत येताना कस्टम्स. वर एक गोष्ट लोक विसरतात. शुल्काची पायरी तुम्ही जाहीर केलेल्या किमतीवर असते आणि ग्रेड आल्यावर कार्ड त्या पायरीच्या वर गेलं तर फरक वसूल करतात. कस्टम्सनं परतीचं पार्सल नवीन आयात धरलं तर शुल्क पूर्ण किमतीवर लागू शकतं. म्हणून जाताना कार्डाचे पुढचे-मागचे फोटो, टपालाची पावती आणि जाहीर किमतीचा कागद एकत्र ठेवा. एकट्या कार्डासाठी हे करू नका. पाच-सात जणांनी मिळून एकच खेप केली तर टपाल वाटलं जातं.

पाठवायचंच ठरलं तर आधी मऊ पेनी स्लीव्ह (पातळ प्लॅस्टिकची पिशवी), मग कार्ड सेव्हर १ (लवचीक प्लॅस्टिकचं पाकीट). कडक टॉपलोडर नको, त्यातून कार्ड काढताना कोपरा अडकतो आणि त्यांनाही तो नको असतो. वरच्या टोकाला रंगारी वापरतात त्या कागदी टेपची छोटी जीभ लावा, म्हणजे काढणाऱ्याला ओढता येईल. सेलोटेप चुकूनही नको, तिचा गोंद उन्हाळ्यात वितळून आत उतरतो. अर्जातल्या क्रमानंच चवड लावा, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, मग बबल रॅप, आणि खोक्यात काही हलत नाही हे कानाजवळ हलवून बघा.

महाल १९८२

ठेवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, आणि नागपुरात खरं नुकसान तिथंच होतं.

स्लॅब हवाबंद नसतो. बाहेरचा ओलावा हळूहळू आत जातोच. साध्या पुठ्ठ्याच्या कार्डाला, म्हणजे यूएस१७५ सारख्याला, त्याचा त्रास कमी. क्रोमचा मामला वेगळा. त्याच्या पुढच्या बाजूला प्लॅस्टिकची चकचकीत फिल्म, मागं कागद. ओलाव्यानं कागद फुगतो, फिल्म फुगत नाही, मग कार्ड पुढच्या बाजूला आत वाकतं. हवा कोरडी झाली की कागद आक्रसतो आणि उलट्या बाजूला कल येतो. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४५ अंश आणि हवा खडखडीत, खोलीत मात्र कूलर वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा फेकतो. रात्री कूलर, दिवसा बंद. मग जूनमध्ये पाऊस. हा चढउतारच कार्डाला वाकवतो, नुसती उष्णता नाही.

उपाय महाग नाहीत. कूलरच्या खोलीत कार्डं ठेवूच नका. कूलर नसलेली, घराच्या पूर्वेची किंवा मधली खोली निवडा. तुमचं पश्चिमेच्या भिंतीचं लोखंडी कपाट तर मे महिन्यात संध्याकाळपर्यंत तव्यासारखं तापत असेल, ते हलवा. रबरी पट्टीचं घट्ट झाकणाचं डबं घ्या, त्यात छोटं डिजिटल आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं. आकडा ४५ ते ५० टक्क्यांत राहायला हवा. ३५ च्या खाली गेला तर जेल काढा, अतिकोरडेपणाही क्रोमला वाकवतो. नारंगी दाणे हिरवे झाले की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतात.

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास चुकतात. एक, कपाटातल्या डांबरगोळ्या. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकला मऊ करते, पृष्ठभाग चिकट होतो. कसर लागू नये म्हणून कार्डांच्या डब्याशेजारी डांबरगोळी ठेवू नका, घट्ट डबा असला की कसर शिरतच नाही. दुसरं, फोटोचे जुने अल्बम. पीव्हीसीची पानं आणि चिकट पानं दोन्ही वाईट. पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसी नसलेली पानंच घ्या.

सदर बाजार

ग्रेडेडच घ्यायचं ठरतंय तर बनावट स्लॅबचंही सांगून ठेवतो. लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघतात आणि जुळला की निश्चिंत होतात. बनावटवाला खऱ्या स्लॅबचाच क्रमांक उचलतो, त्यामुळे तो जुळणारच. तिथं जुना फोटो असेल तर कार्डाचे 'ठसे' जुळवा. सेंटरिंग किती, छपाईचा ठिपका कुठे, किनारीवरचा डाग कुठे. दोन कार्डांचं सेंटरिंग केसभर तरी वेगळं असतंच. मग स्लॅबची कड बघा. उघडून परत चिकटवलेल्याला जोडाजवळ पांढरट धुरकट पट्टी दिसते.

कार्ड बनावट आहे का हे भिंगेतून कळतं. अस्सल कार्डावर फोटो रंगीत ठिपक्यांच्या गुच्छांनी बनलेला असतो, पण काळी अक्षरं आणि रेषा एकसंध. नक्कल स्कॅन करून छापलेली असेल तर अक्षरंही ठिपक्यांत फुटतात. १९८९ अपर डेकचं केन ग्रिफी ज्युनियर, क्रमांक १, घेताना मागचा होलोग्राम बघा. आणि त्याचे पीएसए १० हजारोंनी आहेत, दुर्मीळ म्हणून विकणाऱ्याशी घासाघीस करायला मागेपुढे पाहू नका.

महाल १९८२

माझ्या नावातला आकडा कॅल रिपकन ज्युनियरचा, त्यामुळे भिंगवाले काकांना एक प्रश्न. १९८२ टॉप्सचं २१ क्रमांकाचं कार्ड, त्यात बॉबी बॉनर आणि जेफ श्नायडर यांच्यासोबत तिघांत एक रिपकन. त्याच वर्षी टॉप्स ट्रेडेडमध्ये ९८टी, त्यात तो एकटा, पूर्ण कार्डभर. व्याख्येनं २१ रूकी आणि ९८टी 'एक्सआरसी' (एक्स्टेंडेड रूकी कार्ड), कारण ट्रेडेड मालिका पाकिटात नाही, खोक्यात संपूर्ण संच म्हणून दुकानदारांकडे जायची. पण मग यूएस१७५ कसं चाललं? अपडेट मालिकाही ट्रेडेडचीच पुढची पिढी आहे.

इतवारीचा भिंगवाला

बरोबर पकडलंत. फरक विक्रीच्या पद्धतीचा आहे. २०११ ची अपडेट मालिका पाकिटांतून विकली गेली आणि आरसीची खूण अधिकृत होती. १९८२ ची ट्रेडेड तशी नव्हती. मुद्दा तिथंच थांबतो, पण न्याय म्हणून विचाराल तर 'एक्सआरसी' हा शब्द त्या काळातल्या दुकानदारीवर ठरला, कार्डावर नाही. बॅरी बाँड्सचंही असंच. १९८६ ट्रेडेड ११टी एक्सआरसी, आणि १९८७ ची टॉप्स, फ्लीअर, डॉनरसची रूकी. रिपकनच्या बाबतीत माझ्या संग्रहातही ९८टीच असायला हवं असं मला वाटतं. तीन डोक्यांच्या कार्डात रिपकनचा चेहरा टपाल तिकिटाएवढा आहे हो.

सदर बाजारला एवढं मान्य करतो: यादीत 'रूकी' आणि 'पहिलं कार्ड' असे दोन रकाने ठेवा. मग भांडण राहत नाही.

धरमपेठकर

दोन रकाने करतोय. रॉ सोडून दिलं, ९ चाच ग्रेडेड यूएस१७५ बघतो. पुढचा ओहतानी. २०१३ चं जपानचं कार्ड, की २०१८ चं?

सदर बाजार

जपानच्या लीगमध्ये तो २०१३ पासून खेळला, तिथली कार्डं त्याच वर्षाची. ती जपानची रूकी, आणि 'पहिलं कार्ड' या रकान्यात जातील. अमेरिकेची आरसी २०१८ ची. पण २०१८ मध्ये एकट्या टॉप्सनी त्याची इतकी आरसी काढलीत की एकाच खेळाडूचं एकच कार्ड हा तुमचा नियम इथं अडेल. मुख्य मालिकेतलं ७००, अपडेटमधलं यूएस१, क्रोममधलं १५०. व्याख्येनं तिन्ही चालतात. मी असतो तर ७०० घेतलं असतं, कारण ते मुख्य मालिकेचं. क्रोम १५० घ्यायचं असेल तर आधी महालवाल्यांचा डबा तयार करा.

खामल्याची वही

आणि १५० घेताना लेबल दोनदा वाचा. साधं क्रोम की रिफ्रॅक्टर, हे फोटोत ओळखू येत नाही. उजेडात तिरपं धरलं की रिफ्रॅक्टरवर इंद्रधनुष्यी झाक येते आणि बहुतेकांच्या मागं क्रमांकाजवळ 'रिफ्रॅक्टर' छापलेलं असतं. लेबल एक आणि कार्ड दुसरंच असे स्लॅब अधूनमधून सापडतात, तेव्हा विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका.